बॉथेलहून दोन तासांच्या आत कोकनीसाठी कोणता तलाव निवडावा?

बॉथेलकर । ४ मे, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

माझे वडील या महिन्याच्या मध्यावर चिपळूणहून आमच्याकडे, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलला, येत आहेत आणि ऑगस्टपर्यंत राहणार आहेत. वाशिष्ठीच्या खाडीकाठी गरी टाकून बसण्यात त्यांच्या कितीतरी संध्याकाळी गेल्या आहेत, त्यामुळे इथे आल्यावर त्यांना एकदा तरी मनासारखी मासेमारी घडवावी अशी माझी फार इच्छा आहे. फोनवर मी त्यांना म्हटले की आपण ‘कोकनी’ पकडायला जाऊ, तेव्हा त्यांना वाटले की इथे कोणता तरी ‘कोकणी’ मासा मिळतो, आणि ते भलतेच खूश झाले. सॉकाय सामनचीच ही गोड्या पाण्यात राहणारी जात असून ती समुद्रात कधीच जात नाही, हे मी त्यांना नंतर समजावून सांगितले.

अडचण अशी आहे की गेल्या उन्हाळ्यात मी दोन वेळा लेक स्टीव्हन्सला गेलो आणि दोन्ही वेळा हात हलवत परत आलो. मित्राची सोळा फुटी अल्युमिनियमची बोट मला मिळू शकते, तिच्यावर एक डाउनरिगर (जड गोळ्याच्या मदतीने आमिष हव्या त्या खोलीवर नेणारे साधन) बसवलेला आहे. वडील ६८ वर्षांचे आहेत आणि बरोबर नऊ वर्षांची मुलगी असेल, म्हणून गाडीचा प्रवास एका बाजूने दोन तासांपेक्षा जास्त नसावा. स्टीव्हन्स सोडून दुसरा कोणता तलाव तुम्ही सुचवाल?

उत्तरेचा_वारा । ४ मे, रात्री ९.४२

माझे मत लेक व्हॉटकमला आहे. बेलिंगहॅमपर्यंत तुम्हाला जेमतेम दीड तास लागेल. या राज्यातल्या अनेक तलावांत सोडल्या जाणाऱ्या कोकनीची अंडी मुळात व्हॉटकमच्याच माशांची असतात, म्हणजे एका अर्थी हे त्यांचे आजोळ आहे. मात्र तो शहराच्या पिण्याच्या पाण्याचा तलाव असल्यामुळे बोटीची तपासणी करून घेऊन परवाना घ्यावा लागतो, आणि जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनाला तिथे बंदी आहे. मित्राच्या बोटीचे इंजिन कोणते आहे ते आधी पाहून घ्या.

यकिमा_वाट । ४ मे, रात्री १०.१५

दोन तासांची अट थोडी सैल केलीत तर रिमरॉकला तोड नाही. व्हाइट पासच्या पूर्वेला टिएटन नदीवर १९२५ साली पूर्ण झालेल्या धरणाचा हा जलाशय आहे. मासे लहान असतात, नऊ ते अकरा इंचांचे, परंतु संख्या इतकी असते की लहान मुलांना कंटाळा येण्याची सोय नाही. बॉथेलहून पावणेतीन ते तीन तास लागतील हे मान्य आहे. तरीही ज्याने कधीच कोकनी पाहिलेला नाही, त्याला पहिल्या दिवशी एक मोठा मासा मिळण्यापेक्षा दहा लहान मासे मिळणे जास्त आनंदाचे असते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

इसाक्वाची_सई । ४ मे, रात्री १०.३३

कोणी लेक समामिश सुचवण्याआधीच सांगून ठेवते, कारण तो तुमच्यापासून सर्वांत जवळ आहे आणि नकाशा पाहून मोह होणे साहजिक आहे. समामिशमधला कोकनी इथला मूळ रहिवासी आहे, तो कोणी आणून सोडलेला नाही, आणि त्याची अवस्था नाजूक असल्यामुळे त्याला पकडून ठेवण्यास मनाई आहे. चुकून गळाला लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडून द्यावा लागतो.

एके काळी इसाक्वा क्रीकमध्ये उन्हाळ्याच्या अखेरीस चढणारा त्यांचा वेगळा जथा होता, तो आता संपलेला आहे. उरलेले मासे नोव्हेंबरपासून पुढे एब्राइट, लुइस आणि लाफिंग जेकब्स या छोट्या ओढ्यांमध्ये अंडी घालायला चढतात. एखाद्या वर्षी ते हजारोंनी येतात, तर एखाद्या वर्षी बोटांवर मोजण्याइतकेच. २००७ पासून गावे, काउंटी, स्नोक्वाल्मी जमात आणि काठावरचे रहिवासी एकत्र येऊन त्यांच्यासाठी काम करत आहेत. मी स्वतः दर वर्षी मुलांना घेऊन ओढ्याच्या पुलावर उभी राहते. वीतभर पाण्यात लाल अंगाचा आणि हिरव्या डोक्याचा मासा शेपटीने वाळू उकरताना पाहिला, की त्याला गळ लावण्याचा विचारही मनाला शिवत नाही.

पाणलोट । ४ मे, रात्री ११.०५

बॉथेलकर, तलाव बदलण्याआधी मला तुम्हाला चार प्रश्न विचारायचे आहेत. गेल्या वर्षी तुम्ही कोणत्या महिन्यात गेला होता? पाण्यात किती वाजता उतरलात? आमिष किती खोलीवर होते? आणि बोटीचा वेग किती होता? या प्रश्नांची उत्तरे कळल्याशिवाय तलावाला दोष देणे मला योग्य वाटत नाही.

बॉथेलकर । ५ मे, सकाळी ७.२०

पाणलोट, प्रश्न रास्त आहेत. पहिल्या वेळी जुलैचा शेवटचा शनिवार होता आणि दुसऱ्या वेळी ऑगस्टचा दुसरा. घरून निघून, बोट उतरवून, प्रत्यक्ष गळ पाण्यात पडेपर्यंत साडेदहा वाजले होते. खोली साधारण पंधरा फूट होती. वेग मी मोजला नाही, पण ट्राउटसाठी ठेवतो त्यापेक्षा थोडा जास्तच असेल, कारण मागून वेकबोटी येत होत्या आणि मला त्यांच्या वाटेतून बाजूला व्हायचे होते.

पाणलोट । ५ मे, दुपारी १२.४८

मग तलावात काहीच दोष नाही. तुम्ही मासे असलेल्याच तलावावर होता, फक्त ते तुमच्या बोटीच्या बरेच खाली होते. हे थोडे विस्ताराने लिहितो, कारण तलावाची निवड याच गोष्टीवरून ठरते.

कोकनी हा आयुष्यभर प्राणिप्लवकावर जगणारा मासा आहे. डॅफ्नियासारखे टाचणीच्या डोक्याएवढे जीव पाण्यातून टिपून तो खातो, आणि म्हणून तो काठाशी, वेलींमध्ये किंवा तळाशी दगडांत सापडत नाही. तो उघड्या पाण्यात, अधांतरी, थव्याने फिरतो. त्याला मानवणारे पाणी साधारण ५० ते ५५ अंश फॅरनहाइटचे असते, म्हणजे १० ते १३ अंश सेल्सियस. एप्रिल-मेमध्ये असे पाणी पृष्ठभागापासून दहा-वीस फुटांतच मिळते. जूनमध्ये ते पंचवीस ते चाळीस फुटांवर उतरते. जुलै-ऑगस्टमध्ये वरचे पाणी आपल्याला पोहायला छान वाटते, तेव्हा कोकनी साठ फूट किंवा त्याहूनही खाली गेलेला असतो. ऑगस्टमध्ये पंधरा फुटांवर गळ फिरवणे म्हणजे मे महिन्याच्या दुपारी रिकाम्या पडवीत पाहुणे शोधण्यासारखे आहे, कारण सगळी मंडळी आतल्या माजघराच्या गारव्यात असतात.

म्हणून ‘कोणता तलाव’ हा प्रश्न ‘कोणत्या महिन्यात’ याच्याशिवाय पुरा होत नाही. तुमच्याजवळ एकच डाउनरिगर आणि लहान बोट आहे. अशा माणसाने मासे वर असतानाच जावे, म्हणजे मेच्या शेवटच्या ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. आणि या काळात बॉथेलहून पाऊण तासाच्या आत असलेला, हजार एकरांचा, दीडशे फूट खोल असा लेक स्टीव्हन्स सोडून दुसरीकडे जाण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

उत्तरेचा_वारा । ५ मे, दुपारी १.३०

पाणलोट यांचा मुद्दा पटला, तरी शनिवारी स्टीव्हन्सवर होणारी गर्दी ते विसरत आहेत. मेअखेरीस उकाडा पडला तर नऊनंतर तिथे स्कीइंगच्या आणि वेकबोटींच्या लाटांनी सोळा फुटी बोट हेलकावत राहते. वडीलधारे माणूस आणि लहान मूल बरोबर असताना हे सुखाचे नाही.

पाणलोट । ५ मे, दुपारी २.०२

गर्दीबद्दल पूर्ण सहमत आहे. त्यावर उपाय एवढाच की पहाटे पाच वाजता बोट पाण्यात असावी आणि नऊच्या सुमारास ती ट्रेलरवर चढलेली असावी. कोकनी सर्वांत जोमाने खातो तो उजाडता उजाडता, त्यामुळे नऊनंतर थांबून फार काही हाती लागत नाही.

रानवारा । ५ मे, रात्री ८.१५

सर्वांची क्षमा मागून मी लेक शेलॅनचे नाव पुढे करतो. पन्नास मैल लांब आणि १,४८६ फूट खोल असा हा तलाव अमेरिकेतल्या सर्वांत खोल तलावांमध्ये तिसरा आहे. वसंत ऋतूत वापाटो पॉइंटच्या आसपास चौदा इंची कोकनी मी स्वतः पकडलेले आहेत. पाणी इतके स्वच्छ की दहा फूट खालून वर येणारा मासा आधी निळ्या सावलीसारखा दिसतो आणि मग एकदम चांदीसारखा चमकतो. वडिलांना दोन दिवस तिथे मुक्कामाला न्या, सफरचंदाच्या बागा दाखवा. सव्वातीन तासांचा रस्ताही सुंदर आहे.

यकिमा_वाट । ५ मे, रात्री ८.५०

रानवारा, शेलॅनच्या सौंदर्याबद्दल दुमत नाही, पण दुपारी त्या दरीतून वारा सुटला की काय होते हे आपण दोघेही जाणतो. मी तिथे अठरा फुटी बोटीत असताना अर्ध्या तासात शांत पाण्याच्या लाटा होऊन त्या बोटीच्या कठड्यावरून आत येऊ लागल्या होत्या. सोळा फुटी बोट, ६८ वर्षांचे गृहस्थ, नऊ वर्षांची मुलगी आणि दहा अंशांचे पाणी, या चार गोष्टी एकत्र आणू नयेत. एवढ्या थंड पाण्यात माणूस अचानक पडला तर पहिल्याच क्षणी त्याचा श्वास अडतो आणि पट्टीचा पोहणाराही हातपाय हलवू शकत नाही. बारा वर्षे किंवा त्याखालील मुलांनी एकोणीस फुटांपेक्षा लहान बोटीत लाइफ जॅकेट घातलेलेच असले पाहिजे असा इथला कायदा आहे, पण मी म्हणेन की ते तिघांनीही घालावे आणि बोट काठावरच्या उतारावर परत येईपर्यंत काढू नये.

रानवारा । ५ मे, रात्री ९.०४

हे मान्य. बोटीचा आकार मी लक्षात घेतला नव्हता. शेलॅन मागे घेतो.

हिल्सबरोहून । ६ मे, सकाळी ६.५५

मी पोर्टलंडच्या बाजूचा असल्यामुळे तुमच्या तलावांबद्दल बोलू शकत नाही. आमच्यासाठी लुइस नदीवरचे मर्विन आणि येल हे दोन जलाशय हाताशी आहेत, पण ते तुम्हाला लांब पडतील. तरीही निवडीबद्दल एक कटू अनुभव सांगावासा वाटतो.

आमच्याकडे ऑरेगनमध्ये ग्रीन पीटर नावाचा जलाशय कोकनीसाठी वर्षानुवर्षे नावाजलेला होता. २०२३ च्या शरद ऋतूत, वसंतातल्या चिनूक सामनच्या पिलांना धरणातून खाली जाता यावे म्हणून न्यायालयाच्या आदेशानुसार त्याची पातळी खूप खाली आणण्यात आली. खोल पाण्यातले कोकनी धरणाच्या दारातून एकदम कमी दाबाच्या पाण्यात फेकले गेले आणि हजारोंनी मेले. चिनूकला वाचवण्याची गरज मी नाकारत नाही, पण नदीकाठी तो खच पाहून माझ्या घशाखाली दिवसभर घास उतरला नाही. तेव्हापासून कोणत्याही जलाशयावर जाण्याआधी मी मासे किती आहेत हे विचारण्यापूर्वी पाणी कोण सोडते आणि केव्हा सोडते हे विचारतो.

यकिमा_वाट । ६ मे, सकाळी ९.२८

हिल्सबरोहून यांनी लाख मोलाची गोष्ट सांगितली. आमच्या यकिमा खोऱ्यातही हेच लक्षात ठेवावे लागते. केचेलस, कचीस, क्ली एलम, बम्पिंग आणि रिमरॉक हे पाचही जलाशय सफरचंद, चेरी आणि हॉप्सच्या शेतीला पाणी पुरवण्यासाठी आहेत. उन्हाळाभर पाणी मुख्यतः क्ली एलम आणि त्याच्या शेजारच्या तलावांतून सोडले जाते, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ते कमी करून रिमरॉकचे दार उघडले जाते. वरच्या यकिमा नदीत चिनूक याच वेळी अंडी घालतात. तेव्हा पाणी कमी ठेवले तर ते पात्राच्या मधोमध घरटी करतात आणि हिवाळ्यात पाणी उतरल्यावर ती घरटी कोरडी पडत नाहीत, असा त्यामागचा विचार आहे.

मासेमारी करणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की ऑगस्टमध्ये कचीस किंवा क्ली एलमला गेलात तर बोट उतरवायचा उतार पाण्यापर्यंत पोहोचतच नाही असे होऊ शकते, आणि त्याच आठवड्यात रिमरॉकमध्ये मात्र चांगले पाणी असते. सप्टेंबरअखेर मात्र रिमरॉकही खाली गेलेला असतो. अंतर बघून कचीस निवडणारे कित्येक जण या कारणाने उतारावरूनच परत फिरतात.

बॉथेलकर । ६ मे, दुपारी १२.१०

हे मला अजिबात माहीत नव्हते. कचीस माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता, कारण तो सव्वा तासावर आहे.

मुक्काम_बॉयसी । ६ मे, रात्री ८.३७

आयडाहोहून एक शंका विचारतो. आमच्या बॉयसी शहरापासून अर्ध्या तासावर लकी पीक जलाशय आहे, तिथे कोकनी भरपूर मिळतात, पण काही वर्षी ते पंधरा इंचांचे असतात आणि काही वर्षी दहाच्या वर जात नाहीत. तलाव तोच, पाणी तेच, मग असे का होते?

पाणलोट । ६ मे, रात्री ९.५५

तलावातले प्राणिप्लवक म्हणजे एक पातेले भात समजा. पंगतीला पन्नास पाने मांडली तर प्रत्येकाला पोटभर मिळतो, आणि पाचशे मांडली तर प्रत्येकाच्या वाट्याला एकेक घास येतो. कोकनीच्या बाबतीत संख्या वाढली की आकार घटतो आणि संख्या घटली की आकार वाढतो, हा जवळजवळ नियमच आहे. शिवाय बहुतेक कोकनी तीन-चार वर्षांचे आयुष्य जगून, एकदाच अंडी घालून मरतात, त्यामुळे दर वर्षी पंगतच नवी असते. जगातला विक्रमी कोकनी २०१० च्या जून महिन्यात ऑरेगनच्या वॉलोवा तलावात मिळाला, त्याचे वजन ९.६७ पौंड होते. एरवी एक पौंडाचा कोकनी मिळाला तरी आपण फोटो काढतो, यावरून तो किती वेगळा होता याची कल्पना यावी.

हीच गोष्ट बिघडली की काय होते ते मोंटॅनाच्या फ्लॅटहेड तलावात दिसले. कोकनींना खायला मिळावे म्हणून वरच्या बाजूच्या तलावांत मायसिस नावाची छोटी कोळंबी सोडण्यात आली होती, ती वाहत वाहत १९८१ पर्यंत फ्लॅटहेडमध्ये आली. ही कोळंबी दिवसा तळाशी लपते आणि रात्री वर येऊन कोकनीचेच अन्न खाते, त्यामुळे कोकनीला तिचा उपयोग झाला नाहीच. उलट तळाशी राहणाऱ्या लेक ट्राउटला तिच्यामुळे आयते खाद्य मिळाले, ते वाढले आणि त्यांनी कोकनींचा फडशा पाडला. १९८० चे दशक संपण्याआधी तिथला कोकनी नाहीसा झाला. दर शरद ऋतूत मॅकडोनाल्ड क्रीकवर त्यांच्यासाठी शेकडोंनी जमणारे गरुडही येईनासे झाले.

तेव्हा कुठल्याही तलावाची दहा वर्षांपूर्वीची कीर्ती ऐकून जाऊ नये. या वसंतात तिथे काय मिळते आहे एवढेच विचारावे.

खाडीकाठ । ७ मे, सकाळी ८.०५

मी मूळची मालवणची, आता एव्हरेटला राहते. बॉथेलकर, वडिलांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा, ती म्हणजे खाडीतल्या माशाला देतो तसा हिसका या माशाला देऊ नये. कोकनीचे तोंड ओल्या कागदासारखे असते. माझ्या पहिल्या दिवशी सहा मासे लागले आणि सहाही बोटीपाशी येऊन सुटले, कारण रिळाचा ड्रॅग मी ट्राउटसारखा घट्ट ठेवला होता. मऊ, लवचीक रॉड घ्या, ड्रॅग इतका सैल ठेवा की दोन बोटांनी ओढली तरी दोरी सुटेल, आणि मासा जवळ आला की जाळी त्याच्या खालून घाला. हा मासा गोल गोल गिरक्या घेतो, उड्या मारतो, त्यामुळे जाळी लांब दांड्याची हवी.

उत्तरेचा_वारा । ७ मे, सकाळी ८.४०

आमिषाबद्दलही कोणीतरी सविस्तर लिहावे.

खाडीकाठ । ७ मे, सकाळी ९.१५

पुढे डॉजर, म्हणजे चकाकणारी एक छोटी धातूची पट्टी, त्याच्या मागे नऊ ते चौदा इंचांची दोरी, तिला गुलाबी किंवा नारिंगी रंगाची दीड इंची हूची (रबरी झालरीचे नकली आमिष) आणि गळाच्या टोकाला पांढऱ्या शूपेग मक्याचा एक दाणा. किराणा दुकानातला डब्यातला मका चालतो, मी तो आदल्या रात्री झिंग्याच्या वासाच्या तेलात मुरवून ठेवते. वेग ताशी एक ते दीड मैल, तो फोनवर दिसतो. डॉजरने डुलत डुलत चालावे, गरगर फिरू नये. सरळ रेषेत न जाता बोट नागमोडी चालवा, कारण वळणावर आतल्या बाजूचे आमिष मंदावते, बाहेरचे वेग घेते, आणि मासा बहुतेक वेळा तेव्हाच तोंड घालतो. त्याला भूक लागते म्हणून तो हे खात नाही, त्याचे अन्न तर डोळ्यांना जेमतेम दिसेल इतके बारीक असते. चमकत जाणारी गुलाबी वस्तू मध्येच कडमडली म्हणून तो चिडून चावतो, असे जुनेजाणते सांगतात आणि मलाही ते खरे वाटते.

दुसऱ्या रॉडसाठी डाउनरिगर नसेल तर लेडकोअर दोरी, म्हणजे आत शिशाची तार असलेली जड दोरी, घ्या. तिचा रंग दर दहा यार्डांवर बदलतो, आणि या वेगाला एका रंगामागे आमिष साधारण पाच फूट खाली जाते असे धरून चालावे.

इसाक्वाची_सई । ७ मे, सकाळी १०.०२

परवान्याचेही पाहून ठेवा. पंधरा वर्षांखालील मुलांना परवाना लागत नाही, म्हणजे मुलगी मोकळी आहे. वडिलांसाठी एक ते तीन दिवसांचा अल्पमुदतीचा परवाना मिळतो. बोटीचे इंजिन पंधरा अश्वशक्तीचे किंवा त्याहून मोठे असेल तर तुमच्याकडे बोटचालकाचे कार्ड असले पाहिजे. दिवसाला किती मासे ठेवता येतात याचा नियम तलावागणिक वेगळा असतो, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी राज्याच्या मत्स्य विभागाच्या ॲपवर तो पुन्हा तपासा.

आणि कृपा करून मासे ओळखायला शिका. कोकनीच्या पाठीवर आणि शेपटीवर ठळक काळे ठिपके नसतात, ट्राउटच्या असतात. कचीस-रिमरॉककडे गेलात तर तिथे संरक्षित बुल ट्राउट आहे. त्याच्या अंगावर फिकट ठिपके असतात आणि पाठीवरच्या पंखावर काळे काहीच नसते. तो लागला तर तात्काळ सोडायचा.

बॉथेलकर । ७ मे, रात्री ९.३०

सर्वांचे मनापासून आभार. ठरले असे की ३१ मेच्या शनिवारी पहाटे लेक स्टीव्हन्सलाच जायचे. जो तलाव मी यादीतून खोडला होता तोच पुन्हा लिहिताना थोडे विचित्र वाटते आहे, पण माझी चूक महिन्याची, वेळेची आणि खोलीची होती हे आता स्पष्ट झाले आहे. परत आल्यावर इथे लिहीन.

बॉथेलकर । १ जून, सकाळी ११.१५

कबूल केल्याप्रमाणे लिहितो आहे.

पाच वाजून दहा मिनिटांनी बोट पाण्यात होती. पाणी आरशासारखे होते आणि वडिलांनी कानटोपी घातली होती, तिच्यावर लाइफ जॅकेट. फिशफाइंडरवर वीस ते पंचवीस फुटांच्या मध्ये कमानींचा, म्हणजे माशांचा, पट्टा दिसत होता, म्हणून डाउनरिगर बावीस फुटांवर लावला आणि दुसऱ्या रॉडला चार रंगांची लेडकोअर सोडली. वेग एक पूर्णांक दोन मैल. पहिली पंचवीस मिनिटे काहीच झाले नाही. मग एका डाव्या वळणावर डाउनरिगरचा रॉड दोनदा थरथरला, क्लिपमधून दोरी सुटून ताठ उभा राहिला आणि लगेच वाकला.

मी उठायच्या आत वडिलांनी तो हातात घेतला होता. हिसका देऊ नका हे सांगायला मी तोंड उघडले, तर ते म्हणाले, “तोंड नाजूक आहे रे याचं, मला कळतंय.” त्यांनी दोरीवर अंगठा नुसता टेकवून ठेवला होता, मासा पळाला की सोडत होते आणि थांबला की गुंडाळत होते. जाळी मुलीने घातली. तेरा इंचांचा होता. निळसर पाठ, ठिपका एकही नाही, आणि हाताला लागलेले खवले नाणी घासल्यासारखे चमकत होते.

पाच लागले, दोन सुटले, तीन मिळाले. साडेआठला पहिली वेकबोट दिसली तेव्हा आम्ही उताराकडे निघालो होतो.

घरी आल्यावर वडिलांनी ते स्वतः साफ केले. पोट फाडल्यावर आत काय आहे ते त्यांनी नेहमीच्या सवयीने पाहिले, तर एकही छोटा मासा नाही, किडा नाही, नुसता नारिंगी-तपकिरी लगदा. त्यांनी तो बोटावर घेऊन उजेडात धरला आणि मला बोलावले. नीट पाहिल्यावर त्यात मोहरीहूनही बारीक असे शेकडो जीव दिसत होते. “एवढ्यावर हा एवढा होतो?” असे ते दोनदा म्हणाले. मांस गडद नारिंगी होते. कोकम, हळद, तिखट लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळले. बांगड्याइतका उग्र नाही आणि सुरमईइतका घट्ट नाही, हा त्यांचा निर्वाळा आहे.

आता त्यांनी विचारले आहे की जुलैत कुठे जायचे.

खाडीकाठ । १ जून, सकाळी ११.४०

वाचून फार आनंद झाला. पुढच्या वेळी मासा बोटीत येताच त्याचे कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फाच्या पाण्यात टाका. चवीत फरक पडतो.

यकिमा_वाट । १ जून, दुपारी १२.२२

जुलैसाठी रिमरॉक. पाणी भरलेले असेल, मुलीला दहा मासे मिळतील, आणि आदल्या संध्याकाळी जाऊन काठावर तंबूत राहिलात तर तीन तासांचा प्रवास वडिलांना जाणवणार नाही. बुल ट्राउटची ओळख मात्र पक्की करून या.

पाणलोट । १ जून, दुपारी १.०५

माझेही मत रिमरॉकलाच. तेव्हा मासे खाली गेलेले असतील, म्हणून डाउनरिगरला दहा पौंडांचा गोळा लावा, हलका गोळा त्या खोलीवर मागे तरंगत राहतो आणि आमिष नक्की कुठे आहे ते कळत नाही. बाकी दोरी, हूची, मका सगळे तेच. रॉड वडिलांच्याच हातात द्या.